खालच्या मजल्यावरचा वास

रेनार ब्रूक, मेन
३ डिसेंबर १९८३

प्रिय रोझेरकाका,

तुमची छाती आता कशी आहे? सिमोन लिहिते, की लेकीच्या घरीसुद्धा तुम्ही पहाटे पाचला उठता आणि बूट घालून स्वयंपाकघरात बसून राहता. आता कुठली वखार उघडायची राहिलीय तुमची? ती मी उघडते. सप्टेंबरपासून खालच्या मजल्याची मुकादम मीच आहे. पट्ट्यावर बटाटे निवडणाऱ्या बायका मला 'मुकादमीणबाई' म्हणून चिडवतात आणि अझिल्डामावशी तर मी आले की मुद्दाम उठून उभी राहते.

थंडीनं यंदा फार लवकर गाठलं. नोव्हेंबर संपायच्या आत नदी दोन्ही काठांनी गोठली. रस्ता साफ करणाऱ्या गाडीनं सगळा बर्फ नेमका तुमच्या जाळीच्या पिंजऱ्यावर ढकलला, त्यामुळे त्यातले फोर्कलिफ्टच्या इंधनाचे सिलिंडर काढायचे तर रोज सकाळी तासभर खणावं लागतं. मालकांचा जावई गेताँ आता सगळा कारभार बघतो. तो परवा वैतागला. म्हणाला, "चार माणसं फावडी मारणार आणि तोवर फोर्कलिफ्ट काय जपमाळ ओढत बसणार? आणा ते सगळे आत." मी म्हटलं, "सिलिंडर आत आणायचे नाहीत, काकांनी बजावलंय." तर म्हणतो, "तुझे काका काय पोप आहेत?" सगळे हसले. खोटं कशाला सांगू, मीही हसले. आता बाराही सिलिंडर खालच्या मजल्यावर जिन्याखाली आहेत.

काका, तुमचा त्या पिंजऱ्यासाठी एवढा हट्ट का होता? इथं कुणालाच माहीत नाही. ओनेझिम वीस वर्षं फोर्कलिफ्ट चालवतोय, त्यालाही नाही.

आणखी एक अडचण आहे. खाली बटाट्यांचा कुठला तरी खण सडायला लागलाय. सकाळी दार उघडलं की कुजका भपकारा येतो. चौदा खण आहेत, सगळे उपसायचे तर महिना जाईल. तुम्ही नुसत्या हातानं सडका खण शोधायचात, असं सगळे सांगतात. ते कसं करायचं, तेवढं लिहा.

आईची तब्येत बरी आहे. तुमचं नाव काढलं की अजूनही गप्प बसते. तिचा स्वभावच तो.

तुमची,
डेल्फीन


ब्रिस्टल, कनेक्टिकट
१० डिसेंबर १९८३

डेल्फीन बाळा,

तुझं पत्र वाचून अर्धा आजार पळाला. बूट घालून बसतो हे खरं आहे. इथं सकाळी करायला दुसरं काही नसतं.

आधी वासाचं बघू. सडका खण नाकानं सापडत नाही, कारण वास सगळीकडे पसरतो. तो हातानं सापडतो. खाली उतर, हातमोजा काढ आणि ढिगात कोपरापर्यंत हात घाल. चांगला बटाटा नदीच्या दगडासारखा गार लागतो. जिथं ऊब लागेल तिथं सड आहे. भिंतीकडच्या खणांपासून सुरुवात कर, टेकडीची ओल तिथंच झिरपते. चौथा खण आधी बघ, तो कायमचा खोडकर. कुणाला पाठवू नकोस, बायका वरवर हात फिरवून परत येतात. तू स्वतः जा, वेळ घे, सगळे खण बघ.

आता सिलिंडरचं. ते बाहेर ठेवायचे. जाळीच्या पिंजऱ्यात, सिमेंटच्या ओट्यावर, दारापासून लांब, कुलपात, आणि उभे. भरलेले एकीकडे, रिकामे दुसरीकडे. रिकाम्याचाही कॉक घट्ट बंद हवा, कारण रिकामा म्हणतात तो कधीच पुरता रिकामा नसतो. बर्फ पडला तर खणायचं. गेताँला सांग, रोझेर चोवीस वर्षं खणत होता आणि मेला नाही.

हट्ट का, असं विचारतेस. चांगल्या सवयीला कारण लागत नाही.

नाताळात तिकडची मांस भरून भाजलेली पाई खावीशी वाटते. सिमोन करते, पण तिच्या हाताला आपल्या गावाची चव राहिली नाही. तुझ्या आईला, लेओंतीनला, माझा नमस्कार सांग. नाही सांगितलास तरी चालेल.

तुझा काका,
रोझेर


रेनार ब्रूक
१८ डिसेंबर १९८३

प्रिय काका,

तुम्ही म्हणालात तसंच केलं. तीन दिवस खाली होते. चौदाही खणांत कोपरापर्यंत हात घातला, बोटं सुजली. चौथ्या खणात ऊब लागली, पण उपसल्यावर जेमतेम अर्धं पिंप सडके निघाले. ते नदीकाठी नेऊन टाकले. वाटलं, सुटलो.

वास गेला नाही.

उलट वाढलाय. आणि विचित्र आहे. सकाळी खाली उतरताना पायरीगणिक वाढत जातो, जमिनीशी वाकलं की डोळ्यांत पाणी येतं. दहाच्या सुमाराला ट्रकांसाठी नदीकडचं दार उघडलं की तासाभरात निवळतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अझिल्डामावशीचं डोकं रोज दुखतं. ओनेझिमला मात्र काहीच येत नाही. तो म्हणतो, "तुम्हा बायकांची नाकं फार मोठी." त्याच्या नाकाचं हाड मोडल्यापासून त्याला स्वतःच्या मोज्यांचाही वास येत नाही, हे मोजेच सांगतात.

सिलिंडर बाहेर न्यायचं मी गेताँजवळ पुन्हा काढलं. तो म्हणाला, "गारठ्यात त्यांचा जोर जातो, गाडी चालू होत नाही. आत उबेला कशा गुर्कन चालू होतात बघ." ते खरंच आहे. शिवाय भरणाऱ्या माणसाला त्यानं दम दिलाय, की सिलिंडर आठवडा संपायच्या आत संपतात, तेव्हा काठोकाठ भर. तसे भरून येतात, उणे तीसच्या थंडीतून थेट आत, आणि जागा वाचावी म्हणून जिन्याखाली आडवे, जळणाच्या ओंडक्यांसारखे रचलेत. परवा एकाच्या तोंडाशी पांढरं दव धरलं होतं आणि बारीक फुसफुस ऐकू आली. मी वाकून बघेपर्यंत थांबली. मग मलाच वाटलं, भास असेल.

एक गोष्ट सांगू का? गुरुवारी मी घरी आले, कोट खुंटीला लावला, आणि आई चुलीपाशी प्लॉयची धिरडी भाजत होती ती एकदम वळली. कोटापाशी आली, बाही नाकाला लावली. म्हणाली, "तुझ्या बाबाच्या कोटाला त्या आठवड्यात असाच वास यायचा." कुठल्या आठवड्यात, विचारलं तर बाही नाकाशीच धरून राहिली. तवा जळला. बाबा गेले तेव्हाही बटाटे सडले होते का, काका?

आम्ही तेवीस तारखेला वखार बंद करतो, ती तीन जानेवारीला उघडेल. गेताँ म्हणतो, सगळी दारं घट्ट लावा, फटींत गोणपाट कोंबा, वरच्या मजल्यावरचा हीटर मंद ठेवा, म्हणजे माल गोठणार नाही. तेवढीच आमच्या नाकांना दहा दिवस सुट्टी.

नाताळच्या शुभेच्छा.
डेल्फीन


ब्रिस्टल
२४ डिसेंबर १९८३

डेल्फीन,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. हे पान वाचून होताच उठ, बाकीचं नंतर वाच.

ते बटाटे नाहीत. तो गॅस आहे. काठोकाठ भरलेला गार सिलिंडर उबेला आला की आतलं द्रव फुगतं आणि जादा दाब सोडणारी झडप उघडते. ती तू ऐकलीस, भास नव्हता. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, वर जात नाही. पायऱ्या उतरतो, जमिनीवर साचतो, आणि वाट बघतो. वखार बंद आहे हे वाचून आधी मला हायसं वाटलं, की चला, आत कुणी नाही. मग फटींत कोंबलेली गोणपाटं डोळ्यांसमोर आली.

कुणीही आत जायचं नाही. दिवा लावायचा नाही आणि विझवायचाही नाही, बटणाला हातच लावायचा नाही. कंदील नाही, काडी नाही. सगळ्यांना रस्त्याच्या वरच्या बाजूला ने, नदीकडे नाही. बाहेरच्या खांबावरून वीज तोडायला वीज कंपनीच्या माणसांना बोलाव. नदीकडचं दार उघडता आलं तर सताड उघड, गॅस पाण्यासारखा बाहेर वाहील.

मी इथून वखारीत फोन लावला, कुणी उचलत नाही. तुमच्या घरचा लागत नाही, रस्त्यावरच्या तारा वादळात पडल्यात म्हणे. सिमोननं आगीच्या बंबवाल्यांना गाठलं, तिथला माणूस म्हणाला, बंद वखार कुठे पळून जाते, सुट्टी संपली की बघू. म्हणून हे पत्र तातडीच्या टपालानं पाठवतोय. उद्या, परवा सगळं बंद, मंगळवारी निघेल.

आता बाकीचं.

तेव्हाही बटाटे सडले नव्हते.

फेब्रुवारी एकोणसाठ. तुला सात वर्षं पूर्ण होत होती. तेव्हा पिंजरा नव्हता. पहिली फोर्कलिफ्ट येऊन वर्ष झालं होतं आणि सिलिंडर मी खालीच ठेवायचो, जिन्याखाली, कारण बाहेर जाऊन आणायचा मला कंटाळा होता. तुझा बाबा चार दिवस सांगत होता, "रोझेर, खाली वास मारतोय, मला बरा वाटत नाही." पाचव्या दिवशी सकाळी, बाकीचे यायच्या आधी, त्यानं खाली जायला नकार दिला. मी मुकादम, तो धाकटा भाऊ. मला राग आला. मी म्हटलं, "कामचुकारपणा नको. बटाटे सडलेत. खाली उतर, हातमोजा काढ, कोपरापर्यंत हात घाल आणि कुठला खण आहे ते शोध." तेओडोरनं माझ्यासमोर हातमोजा काढला. मग गेला. खाली अंधार होता. त्यानं दिव्याची दोरी ओढली.

मी लोकांना सांगितलं, की तो खाली चोरून सिगारेट ओढायला गेला होता, म्हणून आग लागली. इन्स्पेक्टरलाही तेच सांगितलं, फादरांनाही. सिलिंडर खाली होते हे मी बाहेरच्या कुणाला कळू दिलं नाही, उरलेले त्याच दुपारी नदीचा बर्फ फोडून पाण्यात लोटले. वसंतात पिंजरा बांधला. एकट्यानं.

दहा तारखेला मी तुला लिहिलं, की खाली उतर, हातमोजा काढ, कोपरापर्यंत हात घाल. तेच शब्द. तुझ्या तीन तारखेच्या पत्रात तू वास आणि सिलिंडर एकाच पानावर लिहिले होतेस. माझ्या लक्षात आलं नाही, असं लिहिणार होतो. खोटं आहे ते. लक्षात आलं होतं. पण ते मान्य केलं असतं तर आज जे लिहिलं ते तेव्हाच लिहावं लागलं असतं. म्हणून मी चौथ्या खणाचं लिहीत बसलो, आणि तुला तीन दिवस तिथं पाठवलं.

तू जिवंत आहेस एवढं कळव.

रोझेर


रेनार ब्रूक
९ जानेवारी १९८४

रोझेरकाका,

मी जिवंत आहे.

तुमचं पत्र तीन तारखेला सकाळी पावणेसातला मिळालं. वादळात टपालाची गाडी अडकली होती. पोस्टमास्तरीणबाईंनी तातडीचा शिक्का बघितला आणि पोस्ट उघडायला जाता जाता दारात आणून दिलं. पहिलं पान उभ्यानं वाचलं आणि तशीच गाडीत बसले. बाकीचं पान खिशात राहिलं.

अझिल्डामावशी आणि सहा जणी वरच्या दाराशी पाय आपटत उभ्या होत्या. किल्ली माझ्याकडे, म्हणून थांबलेल्या. मी ओरडले, "वर चला, चर्चपाशी, आत्ता." मावशी म्हणाली, "मुकादमीणबाई आज कवायत घेणार वाटतं." मग माझं तोंड बघितलं आणि सगळ्यांना हाकत घेऊन गेली. एकीला बंबवाल्यांना कळवायला चर्चमधल्या फोनवर पिटाळलं.

मी उतारावरून खाली धावले. गेताँची नवी लाल गाडी नदीकडच्या दाराला लागून उभी होती आणि तो कुलूप काढत होता. मी म्हटलं, "बटणाला हात लावू नकोस." तो म्हणाला, "काय झालं तुला? भूत पाहिलंस का?" तेवढ्यात दार बोटभर सरकलं आणि वास बाहेर आला. तो दोन पावलं मागे झाला. म्हणाला, "डेल्फीन, हे बटाटे नाहीत." हे त्याचं तो म्हणाला, मी सांगायच्या आधी.

दार मी उघडलं. तुम्ही लिहिलं होतंत तसं, सताड. गोणपाटं उपसून टाकली. मग आम्ही दोघं उतारावर वर येऊन उभे राहिलो. ओनेझिमही आला होता. काही दिसत नव्हतं. दाराबाहेरचा बर्फ तेवढा उन्हाळ्यातल्या रस्त्यासारखा थरथरत होता.

मग गेताँ म्हणाला, "गाडी तेवढी बाजूला घेतो." मी म्हटलं, "राहू दे." तो म्हणाला, "अगं, ती बाहेर आहे, मोकळ्यावर." आणि गेला. मी दुसऱ्यांदा ओरडले नाही. गॅस पाण्यासारखा वाहील हे मी वाचलं होतं, आणि गाडी उताराच्या तळाला आहे हे मला दिसत होतं. तरी दोन्ही एकत्र जोडायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात त्यानं किल्ली फिरवली.

आधी आवाज झालाच नाही. निळी ज्योत बर्फावरून गुडघाभर उंचीनं दारात धावत गेली, जशी घरात जायची घाई असावी. मग वखारीचं छप्पर उचललं गेलं आणि वाकडं खाली बसलं. तेव्हा आवाज आला. गेताँ गाडीच्या दारातून बाहेर पडला तो पेटलेला. ओनेझिम माझ्याआधी पोचला. त्यानं त्याला बर्फात लोळवलं, वरून स्वतः आडवा पडला. त्याचेही हात भाजलेत.

गेताँ बँगोरच्या इस्पितळात आहे. डोळे वाचले. हातांचं अजून सांगत नाहीत. चेहरा पूर्वीसारखा होणार नाही. सहा जणी, अझिल्डामावशी आणि मी धडधाकट आहोत. मी रात्री झोपत नाही, पण त्याला इस्पितळ लागत नाही.

दुसरं पान मी चार तारखेला वाचलं. मग आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती सूप ढवळत होती. पुरं होईस्तोवर ढवळत राहिली. म्हणाली, "तेओडोर सिगारेट ओढत नव्हता. मी तेव्हा इन्स्पेक्टरला सांगितलं. ते म्हणाले, बाई, वखारीत पुरुष काय करतात ते बायकांना कळत नाही. मग मी रोझेरकडे बघितलं. तो टोपी हातात धरून जमिनीकडे बघत होता." एवढंच. चोवीस वर्षं ती तुमच्याशी बोलत नव्हती, तो मला तिचा स्वभाव वाटायचा.

आता माझं ऐका. पाच तारखेला सरकारी इन्स्पेक्टर आला. मालकांच्या घरी सगळ्यांना बसवलं, गेताँची बायकोही होती. मी सांगितलं, की दार मी उघडलं, गाडी मला दिसत होती, आणि दुसऱ्यांदा मी त्याला अडवलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी जमिनीकडे बघितलं नाही. काका, मला दोन दिवस लागले. तुम्हाला चोवीस वर्षं.

इन्स्पेक्टरनं विचारलं, या वखारीत पूर्वी असं काही झालं होतं का? जुन्या वहीत एक आग आहे, पण ती सिगारेटची आहे. मी म्हटलं, त्याचं उत्तर देणारा माणूस जिवंत आहे.

ते उत्तर मी देणार नाही. तुम्ही द्यायचं.

डेल्फीन


ब्रिस्टल
१४ जानेवारी १९८४

डेल्फीन,

सोबतचा कागद इन्स्पेक्टरला दे. त्याची एक प्रत फादरांना पाठवली आहे, रविवारी वेदीवरून वाचावी अशी विनंती केली आहे. तिसरी लेओंतीनसाठी. तिला वाचायची नसेल तर चुलीत घालू दे.

"मी रोझेर वेलेत, वय अडुसष्ट, रेनार ब्रूकच्या बटाट्याच्या वखारीचा माजी मुकादम. सतरा फेब्रुवारी एकोणीसशे एकोणसाठ रोजी वखारीच्या खालच्या मजल्यावर फोर्कलिफ्टचे नऊ सिलिंडर होते. ते तिथं मी ठेवले होते. माझा भाऊ तेओडोर याला गॅसचा वास येत होता आणि तसं त्यानं मला चार दिवस सांगितलं. तो जायला तयार नव्हता. मी त्याला पाठवलं. माझ्या भावानं जन्मात सिगारेट ओढली नाही. ती गोष्ट मी रचली. हे मी शुद्धीवर असताना, माझ्या हातानं लिहिलं आहे."

गेताँच्या बायकोसाठी वेगळं पत्र लिहायला घेतलं होतं, पण जमलं नाही. तिला तोंडानं सांगेन. डॉक्टर प्रवासाला नाही म्हणतात, सिमोन रडते. तरी मी गुरुवारच्या बसचं तिकीट काढलं आहे. शुक्रवारी संध्याकाळी चौकात उतरेन. घ्यायला कुणी येऊ नये. तुमच्या घरापर्यंतची चढण मला चालत चढायची आहे, आणि दार वाजवल्यावर ते उघडलं नाही, तर मी बाहेर उभा राहीन.

रोझेर